थोरल्या साडूंच्या क्लचची मोजणी

आजवर खानदेशात जेवढ्या मोटारसायकलींचे क्लच झिजले असतील त्यांत माझ्या थोरल्या साडूंचा क्लच एकदाही नाही, आणि जेवढे क्लच काहीही कारण नसताना उघडले गेले असतील त्यांतले निम्मे तरी एकट्या थोरल्या साडूंचे आहेत, हे मी देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. माणसं वर्षातून एकदा रक्त तपासून घेतात, दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर बघून येतात. साडूंना स्वतःचा रक्तगट विचारला तर ते अक्कांकडे बघतात, पण क्लचमधल्या प्लेटांची जाडी त्यांना मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत तोंडपाठ असते. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. या दोघी बहिणींच्या नात्यानं आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलो, आणि त्यात माझ्या वाट्याला साडूंपेक्षा त्यांचा क्लचच जास्त आला.

ते राहतात धुळ्याला, देवपुरात, आणि मी जळगावला. मधल्या नव्वद किलोमीटरचा मला एरवी फार आधार वाटायला हवा होता. पण थोरले साडू नोकरीत मोजणीदार होते. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, आणि मोजणीचा नियम असा की लगतच्या शेतकऱ्यांना आधी नोटीस द्यायची, त्यांच्या समक्ष मोजायचं, म्हणजे नंतर कुणी बोंब मारायला नको. निवृत्त झाल्यावर शेतं संपली, नियम राहिला. क्लच उघडायचा ठरला की मला जळगावला नोटीस येते. फोन कानाला लावला की नमस्कार नाही, तब्येत कशी नाही, सरळ मजकूर: "रविवारले क्लचनी मोजनी शे. सकाळले नऊ वाजता हजर राहा. नही उनात ते तुमना गैरहजेरीमा मोजनी व्हई जाई." माझ्या गैरहजेरीत त्यांच्या क्लचची मोजणी झाल्यानं माझी कोणती जमीन जाणार होती हे मला आजतागायत कळलेलं नाही. तरी मी जातो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण साडू आणि मोटारसायकल यांना उद्देशून करायची राहून गेली असावी. सकाळची पहिली बस पकडायची, एरंडोलला चहा, पारोळ्याला डुलकी आणि धुळ्याला क्लच, असा माझा मोजणीचा रविवार कित्येक वर्षं ठरलेला आहे. अक्कांच्या हातच्या डुबुकवड्या नसत्या तर मी केव्हाच कानाला खडा लावला असता.

मोजण्याची ही खोड जन्मजात की नोकरीतली, यावर घरात दोन मतं आहेत. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. सगळे पोह्यांच्या बशा घेऊन हवापाण्याचं बोलत होते आणि हे कोपऱ्यात बसून माझ्याकडे एकटक बघत होते. मला वाटलं, थोरले जावई आहेत, माझा स्वभाव जोखताहेत. मी चेहऱ्यावर जमेल तेवढा सज्जनपणा आणला. पाच मिनिटांनी ते भर बैठकीत म्हणाले, "पाच फूट साडेपाच इंच. बायोडाटामा पाच-सात लिखेल शे. दीड इंच कोठे गया?" त्या दीड इंचाचा खुलासा माझ्या वडिलांनी कसा केला ते मी इथं लिहीत नाही, कारण त्यात बुटांचा संबंध होता. लग्न झालं, पण साडूंच्या लेखी मी आजही दीड इंच कमीच आहे. बरं, हा कडकपणा फक्त माझ्यासाठी होता असंही नाही. सख्ख्या चुलतभावाचा बांध मोजताना त्यांनी हातभर जमीन शेजाऱ्याची निघते असं सांगितलं आणि त्या भावानं पुढं सात वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं. साडूंना त्याचं दुःख होतं, पण हातभर म्हणजे हातभर. माणसं रुसतात आणि पुन्हा बोलतात, एकदा चुकलेलं माप मात्र कागदावर चुकीचंच राहतं, असं त्यांचं म्हणणं.

तर क्लच. मोजणीच्या दिवशी नऊच्या ठोक्याला अंगणात वर्तमानपत्रं अंथरली जातात. आधी इंजिनातलं ऑइल काढायचं, मग किक काढायची, मग उजव्या बाजूच्या झाकणाचे बोल्ट, तेही एकदम नाही. एक या कोपऱ्यातला, एक त्या कोपऱ्यातला, सगळे थोडे थोडे सैल करत. निघालेले बोल्ट ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मांडायचे, आणि मांडायचे ते अक्कांच्या कणीक मळायच्या परातीत, कारण तिचा तळ सपाट आहे. तेवढ्यात आतून आवाज येतोच: "मनी परात कोठे शे? हाऊ मानूस मनी परातमा नट-बोल्ट रांधस!" साडू पुढचा बोल्ट परातीत मांडतात. मग चार स्प्रिंगा निघतात, आणि त्यामागून एकेक करत प्लेटा. चार कॉर्कच्या, तीन लोखंडी, एक कॉर्कची एक लोखंडी अशा आळीपाळीनं. त्या ते असं हलक्या हातानं उचलतात की पाळण्यातलं पोरसुद्धा जागं होऊ नये. रेशनवरचं रॉकेल बंद झालं तेव्हा तालुक्यातल्या बायकांना चुलीची काळजी पडली होती. आमच्या साडूंना प्लेटा कशात धुवायच्या याची. शेवटी डिझेलवर भागलं, पण 'त्यामा ती मजा नही' हे ते अजून सांगतात. जुन्या दात घासायच्या ब्रशानं प्लेटेची प्रत्येक खाच घासायची, फडक्यानं टिपायची, उन्हात ठेवायची. तोवर झाकणावर चिकटलेलं जुनं पॅकिंग खरवडण्याचं काम मला, कारण लगतच्या खातेदारालाही काहीतरी काम हवं.

मग खरा सोहळा. जाडी मोजायचं व्हर्नियर बाहेर येतं. कॉर्कची प्रत्येक प्लेट चार ठिकाणी मोजायची. नवी असताना जवळपास तीन मिलिमीटर, दोन पॉइंट सहाच्या खाली गेली की बाद. लोखंडी प्लेट वाकली आहे का हे बघायला सपाट काच लागते. त्यासाठी साडू भिंतीवरून स्वतःच्या निरोपसमारंभाचा फोटो उतरवतात, चौकटीतली काच काढतात आणि तिच्यावर प्लेट ठेवून कडेला पातळ पत्ती सरकते का ते बघतात. ज्या फोटोत साहेब त्यांना नारळ देत आहेत तो फोटो तोवर जमिनीवर पालथा पडलेला असतो. आकडे लिहायला कागद लागतो, तर त्यासाठी घरात आलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठी आहेत. त्यामुळे कुणाचं लग्न कधी झालं हे साडूंना सांगता येत नाही, पण त्या वेळी तिसऱ्या प्लेटची जाडी किती होती हे सांगता येतं. आणि एवढं सगळं करून निकाल काय, तर प्लेटा उत्तम आहेत. तो निकाल ते इतक्या गंभीरपणे जाहीर करतात की मला दर वेळी टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मग प्लेटा ताज्या ऑइलात भिजवून पुन्हा आत, नवं पॅकिंग, बोल्ट, किक, आणि ज्या गाडीला सकाळी काहीही झालेलं नव्हतं ती दुपारी तशीच काहीही न झालेली पूर्ववत उभी.

प्लेटा झिजणार तरी कशा? अर्धा क्लच दाबून गाडी चालवणं हे साडूंच्या दृष्टीनं परक्याच्या बांधावर नांगर घालण्याइतकं नीच काम. "धरना ते पुरा धरा, सोडना ते पुरा सोडा," हे ते सिग्नलला उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनाही सांगतात, आणि अनोळखी माणसं त्यांना जे सांगतात ते अक्का ऐकू येत नसल्यासारखं करतात. एकदा लळिंगच्या पलीकडे कुठल्याशा लग्नाला दोघं निघाले. घाटात चढ लागला. साडूंनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "उतर. क्लचवर लोड ई राहिना." अक्का जरीच्या पातळात, हातात आहेराची पिशवी घेऊन चढ चढल्या, आणि हे त्यांच्या पुढं पहिल्या गिअरमध्ये, मागं वळून न बघता. चढ संपल्यावर त्यांनी थांबून विचारलं, दमली का. अक्कांनी जे उत्तर दिलं ते लग्नघरी पोचेपर्यंत चालू होतं.

हा सगळा बारदाना मी हसत सहन केला, आणि खरं सांगतो, मोठ्या कौतुकानं चारचौघांत तिखटमीठ लावून सांगितलाही. कंपनीनं ते मॉडेल बंद केलं तेव्हा जळगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून वणवण करून कॉर्कप्लेटांचा शेवटचा अस्सल सेट मीच शोधून त्यांना नेऊन दिला होता. तो गाडीत बसवताना साडू म्हणाले होते, "हाऊ सेट सरना की गाडी उभी करी टाकसू. डुप्लिकेट टाकानं नही." मी मनात हिशेब केला, या माणसाच्या हातात हा सेट मला पुरून उरेल.

पण गेल्या वर्षापासून नोटिशी वाढल्या. आधी तीन महिन्यांनी यायच्या, मग महिन्यानं, मग पंधरा दिवसांनी. तक्रारही नवी होती. "क्लच जड लागी राहिना." केबल नवी टाकली, तरी जड. हँडलवरचा दांडा बदलला, तरी जड. स्प्रिंगांची उंची मोजली, चारही सारख्या. मी थट्टा केली. म्हटलं, नाना (साडूंना मी नानाच म्हणतो), आता क्लचला एकदा काशीला न्या. ते हसले नाहीत. त्या दिवशी पॅकिंग आणायला मी त्यांचीच गाडी घेऊन दुकानात गेलो. क्लचचा दांडा मी दोन बोटांनी दाबला आणि तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला. परत आलो तेव्हा माझ्या तोंडावर विजयाचं हसू होतं. आता यांना सांगतो, जड आहे म्हणे! ते बाहेर वर्तमानपत्रं अंथरत होते. मी पाणी प्यायला आत गेलो, आणि अक्कांनी मला ओट्याजवळ थांबवलं.

"त्यास्ना डावा हातमा जीवच नही राहिना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कप धरतस ते पडी जास. डॉक्टर म्हने, मानमा नस दबेल शे, गाडी बंद करा. तुम्ही कोनले सांगू नका." माझ्या तोंडावरचं ते हसू मी कुठं ठेवलं ते मला आठवत नाही. साडूंनी डॉक्टरचं काय ऐकावं! घरी येऊन म्हणाले म्हणे, "हातवर हातोडी ठोकी अन् सांगी दिनं. मापं का त्यानी काही? काहीच मापं नही." जे मोजलेलं नाही ते खरं नाही, हा त्यांचा जन्मभराचा न्याय. हात मोजता येत नव्हता, क्लच मोजता येत होता, म्हणून ते क्लच मोजत होते. या गाडीवर ते तीस वर्षं गावोगाव हिंडले, मागं मोजणीचं सामान बांधून, साक्रीच्या डोंगरापासून शिरपूरच्या केळीपर्यंत. ती बंद करायची म्हणजे कुठं जायचं तर कुणाला तरी विचारायचं, कुणाच्या तरी मागं बसायचं. दोष क्लचचा निघाला तर निदान तसं म्हणता तरी येणार होतं. आणि दर वेळी मोजणीत क्लच निर्दोष सुटत होता. मी इतकी वर्षं ज्याला वेड म्हणून हसलो ते आता वेड राहिलं नव्हतं, भीती बनलं होतं, आणि तिथं समोर बसूनही ते मला दिसलं नव्हतं याची मला लाज वाटली.

त्यानंतर पांझरेच्या पुलापाशी ते घडलं. सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी, क्लच दाबलेला, मागं अक्का. साडूंची बोटं सुटली. गाडीनं जागेवरून उडी घेतली आणि समोरच्या पेरूच्या हातगाडीवर जाऊन आदळली. पेरूवाल्यानं भांडायचं सोडून दोघांना उचललं. साडूंना काही झालं नाही, पण अक्कांच्या कोपराला तीन टाके पडले. संध्याकाळी मला नोटीस आली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण या वेळी शेवटचं वाक्य नव्हतं. गैरहजेरीत मोजणी होईल असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "या बरं तुम्ही."

रविवारी मी पोचलो तेव्हा वर्तमानपत्रं अंथरलेली होती, पण बोल्ट अजून जागच्या जागी होते. त्या दिवशी झाकण मी उघडलं, प्लेटा मी काढल्या, मी घासल्या. साडू शेजारी पाटावर बसून नुसतं सांगत होते, आणि माझं चुकलं तरी रागावत नव्हते, हे फार वाईट लक्षण होतं. अक्का कोपराला पट्टी बांधून उंबऱ्यात बसल्या होत्या. परात त्यांनी स्वतः आणून दिली. प्लेटा वाळल्यावर साडूंनी सवयीनं एक डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं व्हर्नियर लावायला गेले. प्लेट बोटांतून निसटली आणि डिझेलच्या डब्यात पडली. त्यांनी ती पुन्हा काढली, पुसली, पुन्हा धरली. पुन्हा पडली. मग त्यांनी व्हर्नियर माझ्यापुढं केलं. इतक्या वर्षांत त्याला मला कधी हात लावू दिला नव्हता.

मी प्लेट धरली, मोजली. दोन पॉइंट आठ. जवळपास नवी. दुसऱ्या ठिकाणी मोजली, तिथंही दोन पॉइंट आठ. आकडा सांगायला मी मान वर केली, तर साडू माझ्याकडे बघतच नव्हते. ते अक्कांच्या पट्टीकडे बघत होते. तिकडेच बघत त्यांनी विचारलं, "दोन पॉइंट सहाना खाले गई ना?"

तीस वर्षांत या माणसानं कुणाला आकडा असा विचारला नव्हता. आकडा काय हवा ते आधी सांगणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी शेतातून हाकलून दिलं होतं. आणि आता ते माझ्याकडे हातभर जमीन मागत होते.

"हो, नाना," मी म्हणालो. "दोन पॉइंट पाच."

"नीट देखं ना?"

"नीट बघितलं. गेल्या प्लेटा."

त्यांनी पत्रिकेच्या पाठीवर उजव्या हातानं सावकाश आकडा लिहिला. बाकीच्या तीन मोजू का, असं मी विचारलं. "कसाले?" ते म्हणाले. "बठ्ठ्या सारख्याच झिजतस." एकेक प्लेट चार-चार ठिकाणी मोजायला लावणारा माणूस हे बोलला, आणि मी व्हर्नियर मिटलं. मग ते अक्कांना म्हणाले, आवाज थोडा चढवून, जणू त्यांनीच हट्ट धरला होता, "आते गाडी उभी. प्लेटा गयात, अस्सल भेटतस नही. मी काय करू?" अक्का म्हणाल्या, "काहीच करू नका. भलं व्हयनं." आणि पदर डोळ्यांना न लावता आत गेल्या, कारण त्यांना फोडणी द्यायची होती.

आम्ही त्याच प्लेटा पुन्हा ऑइलात भिजवून आत बसवल्या. उभी करायची गाडी, पण साडूंनी पॅकिंग नवं लावायला लावलं, ऑइल नवं भरायला लावलं, बोल्ट कोपऱ्याकोपऱ्यानं आवळायला लावले. फोटोची काच या वेळी काढली नव्हती. मग त्यांनी फडकं घेऊन टाकी पुसली, आरसे पुसले, आणि गाडीवर जुनी चादर घातली. चादरीचे कोपरे दोन्ही बाजूंनी सारखे आले नाहीत, म्हणून ती काढून पुन्हा घातली.

नेहमी मोजणी झाली की चाचणी म्हणून ते मला गाडीवरून स्टँडला सोडत. त्या दिवशी आम्ही रिक्षानं गेलो. वाटेत रिक्षावाला गिअर बदलताना ते दर वेळी त्याच्या हाताकडे बघत होते. जळगावची बस लागलेली होती. मी खिडकीशी बसलो, ते खाली उभे राहिले, डावा हात पँटच्या खिशात घालून. बसचं इंजिन सुरू झालं तेव्हा ते खिडकीजवळ सरकले.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "माप लेताना तुमना हात कापी राहिंता."

सगळं त्यांना ठाऊक होतं. "वय झालं, नाना," मी म्हणालो.

मग त्यांनी तो डावा हात खिशातून काढला, खिडकीच्या गजावर ठेवला. बोटं गजाभोवती पुरती मिटत नव्हती.

"हाव," ते म्हणाले. "व्हई गयं."

बस हलली तसा तो हात गजावरून घसरला. मी त्यांना हात केला, त्यांनी उजव्या हातानं केला. पारोळा येऊन गेलं तरी मला झोप लागली नाही.